झालंच मामा

आमच्या वॉर्डात ड्रेसिंग करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे, आणि त्यात विशेष काही नव्हतं. इस्पितळात वॉर्डबॉय, स्ट्रेचर ढकलणारे, ड्रेसिंगवाले हे सगळे मामाच असतात आणि आया सगळ्या मावश्या. एवढं मोठं आजोळ दुसरीकडे कुठे मिळायचं नाही, फक्त तिथे राहायला कुणी राजी नसतं. पण आमच्या मामांच्या नावापुढे आणखी एक शब्द चिकटला होता. पेशंटपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना झालंच मामा म्हणायचे. तोंडावर मामा, पाठीमागे झालंच मामा, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी त्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. जळितांचा वॉर्ड. बावीस वर्षं तिथे काढली, त्यामुळे भीडभाड फारशी उरलेली नाही. मामा माझ्या आधीपासून तिथे होते. एकोणिसाव्या वर्षी फरशी पुसायला लागले, मग जुन्या ड्रेसरच्या हाताखाली ट्रे धरायला लागले, आणि तो म्हातारा निवृत्त झाला तेव्हा चिमटा मामांच्या हातात आला. बुटके, पोट सुटलेलं, चष्म्याला मागून काळी दोरी. सकाळी सातला यायचे आणि सगळ्यात आधी सलाइनच्या बाटल्या कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवायचे, कारण जखमेवर गार पाणी पडलं की माणूस दचकतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या नियमातही नव्हतं. हात तर असा हलका की मी माझ्या नोकरीत तसा दुसरा पाहिला नाही.

भाजलेल्या माणसाला आगीचं दुखणं एकदा होतं, ड्रेसिंगचं रोज. वरची गुंडाळी कापायची, आत जखमेला चिकटलेल्या औषधाच्या पट्ट्या भिजवायच्या, एकेक सोडवायची, धुवायचं, नवीन बसवायच्या. अर्धा तास आधी दुखणं कमी करणारं इंजेक्शन देतो, पण त्याने सगळं थांबत नाही, आणि रोजच्या रोज भूल देता येत नाही. तेव्हा माणूस जागा असतो आणि तुम्ही त्याची जखम उघडत असता. अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं.

मामा बोलायचे ते एकच. पहिल्या पट्टीला हात लावला की "झालंच." निम्म्यावर आले की "झालंच हं, झालंच." आणि सगळ्यात वाईट जागा आली की "झालंच, झालंच, झालंच," असं माळ ओढल्यासारखं. एक पाय संपून दुसरा अख्खा राहिलेला असला तरी झालंच. शिवाय त्यांचा एक कायदा होता: पेशंटने भिंतीकडे तोंड करायचं, जखमेकडे बघायचं नाही. किती झालं, किती राहिलं, याबद्दल ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. गरम पाण्याने भाजलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीने घरी जाताना त्यांना हे नाव देऊन टाकलं आणि ते कायमचं झालं.

खोटं नाही सांगत, मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी स्वतः इंजेक्शन देताना "मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणायचे. तसली मुंगी मी तरी कुठे पाहिली नाही. आमच्या धंद्यात सगळेच असं बोलतात. मनात कळवळा असतो म्हणूनच बोलतात.

मामांच्या झालंचमागे एक किस्साही होता आणि तो ते रंगवून सांगायचे. नवे ड्रेसर झाले तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरने त्यांना विचारलं, "किती राहिलं हो?" मामा तेव्हा सरळमार्गी. म्हणाले, "निम्मं." तो गडी जो उठला तो लोंबती पट्टी पायामागे ओढत थेट फाटकापर्यंत गेला. वॉचमनने त्याला चहा पाजून परत आणला. "तेव्हापासून कानाला खडा," मामा म्हणायचे. "खरं सांगितलं की पेशंट पळतो."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना आमच्याकडे ती लॉन्ड्रीवाली बाई आली.

हॉटेलांच्या चादरी इस्त्री करण्याच्या मोठ्या लॉन्ड्रीत ती कामाला होती. तापलेल्या रोलरखाली चादर सरळ करताना उजवा हात गेला. पंजापासून कोपराच्या वर चार बोटांपर्यंत. वय चाळिशीच्या आत-बाहेर, अंगाने काटक, बोलणं मोजकं. घरी बारा वर्षांची मुलगी, आणि नवरा नव्हता, म्हणजे सहा वर्षांपूर्वीच गेलेला. येणारी-जाणारी एक मोठी बहीण, ती मात्र दोघींच्या वाटणीचं बोलायची.

पहिले चार दिवस बाईने भिंतीकडे तोंड करून ड्रेसिंग करून घेतलं. दात ओठांत रुतवायची, आवाज नाही. मी मनात म्हटलं, गुणी पेशंट. आमच्याकडे जो ओरडत नाही त्याला गुणी म्हणतात.

पाचव्या दिवशी मामा कोपरापर्यंत आले होते. तोंडाने चालूच होतं. एकाएकी बाईने मान वळवली आणि म्हणाली, "एकवीस."

"काय एकवीस, ताई?"

"एकवीस वेळा झालंच म्हणालात. कालचे एकोणीस होते."

मामा हसले. हसण्यावारी न्यायची त्यांची सवय. "झालंच की आता," असं म्हणून त्यांनी पुढची पट्टी धरली, आणि बाईने हात हिसकावून छातीशी घेतला. चिमटा खाली पडला. रडली नाही, ओरडली नाही. "आता नाही," एवढंच म्हणाली. आम्ही दोघांनी खूप समजावलं. शेवटी जे झालं तेवढ्यावरच नव्या पट्ट्या ठेवून वरून गुंडाळलं. उद्या बघू म्हटलं.

उद्याही तेच आणि परवाही तेच. मामा ट्रे घेऊन आले की ती हात छातीशी घ्यायची आणि पाय पोटाशी. मोठी बहीण खाटेशी उभी राहून बोलायची, "अगं, पोरीचा तरी विचार कर! एवढी कसली हट्टी तू?" बाई छताकडे बघत राहायची. तिसऱ्या दिवशी पट्टीला वास यायला लागला.

मोठे डॉक्टर राउंडला आले. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी बाईला पाच मिनिटं झापलं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर आमच्या डॉक्टरांनी. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, सोमवारी हिचं कातडी लावायचं ऑपरेशन आहे. शनिवारी मला जखम स्वच्छ दिसली नाही तर यादीतून नाव काढतो. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोपर्यंत कोपर आणि बोटं आखडली तर मला विचारू नका."

ते बाईलाही ऐकू गेलं. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "डाव्या हाताने रोलरवर काम होत नाही, सिस्टर. मला कळतं ते." कळत होतं, तरी हात सोडत नव्हती. मला तिचा राग आला होता, लपवत नाही.

चार जणांनी धरून करता आलं असतं. पूर्वी करायचो. तसं मी पाहिलंय आणि स्वतः धरलंही आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. मामांनीच नको म्हटलं. "धरून नाही करणार. माझ्याने आता होत नाही ते," म्हणाले.

तेव्हा मी समाजसेवा विभागाला चिठ्ठी पाठवली. तो विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं आणि एक मॅडम. नुकतीच लागलेली, खांद्याला कापडी पिशवी, पायात आवाज न करणारे बूट. माझ्या लेखी तिचं काम म्हणजे फॉर्म भरणं. हातात कधी चिमटा धरला नाही आणि आम्हाला पेशंटचं मन शिकवणार, असं माझं मत होतं आणि ते मी बऱ्यापैकी मोठ्याने बोलूनही दाखवलं होतं.

ती आली आणि खाटेपेक्षा बुटकं स्टूल शोधून त्यावर बसली. पहिला सगळा वेळ मुलीबद्दल बोलली. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत म्हणून मायलेकींची आठवडाभर गाठ नव्हती. मॅडमने कुणाकुणाच्या सह्या घेऊन पोरीला संध्याकाळी व्हरांड्याच्या काचेपर्यंत आणलं. दोघी काचेच्या दोन बाजूंनी बोलल्या, आणि ऐकू येत नव्हतं म्हणून निम्मं हातवाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी मॅडम लॉन्ड्रीत जाऊन आली आणि बाईची जागा राखून ठेवल्याचं मालकाच्या सहीचं पत्र घेऊन आली. बाईने ते पत्र दोनदा वाचलं, उशीखाली ठेवलं, मॅडमचा हात हातात घेऊन रडली. आणि मामा ट्रे घेऊन आले तशी पाय पोटाशी घेऊन वळली.

"पालथ्या घड्यावर पाणी," मी म्हटलं.

मॅडमने मला विचारलं, "सिस्टर, तिला नेमकं काय नकोय, हे कुणी विचारलंय का?"

"ड्रेसिंग नकोय. आणखी काय नको असणार?"

"मी विचारून बघते," म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. मी औषधांची कपाटं लावायच्या निमित्ताने जवळच रेंगाळले. ऐकायचंच होतं मला.

बाईने उशीखालचं पत्र चाचपलं. मग म्हणाली, "दुखतं त्याचं काही नाही हो. दुखणारच. पण मला किती राहिलंय तेच कळत नाही. आमच्याकडे सकाळी गेलं की चादरींचा ढीग समोर असतो. तीनशे असोत, चारशे असोत, दिसतो ना डोळ्यांना. तो बघून माणूस दम ठरवतो, पाणी कधी प्यायचं ते ठरवतो. इथे ढीग माझा, आणि मलाच भिंतीकडे तोंड करायला सांगतात. वर दर चादरीला म्हणतात, ही शेवटची. मग मला वाटतं हे संपायचंच नाही."

मॅडमने फक्त मान हलवली. लिहून काही घेतलं नाही. मी हातातली बाटली चुकीच्या फळीवर ठेवली.

दुपारी चहाच्या खोलीत मॅडमने हे मामांना सांगितलं. सौम्यपणे सांगितलं, पण मामांच्या नाकावर राग आला तो आला. "म्हणजे मी खोटारडा?" कप आपटून म्हणाले. "तीस वर्षं झाली मला. माणसाला धीर देणं म्हणजे खोटं बोलणं का? खरं सांगितलेलं काय होतं ते मला विचारा!" आणि ट्रक ड्रायव्हरचा किस्सा पुन्हा सुरू झाला.

मॅडमने तो पूर्ण ऐकला. मग म्हणाली, "मामा, वॉचमनने चहा पाजून आणल्यावर त्याचं उरलेलं निम्मं ड्रेसिंग कसं झालं?"

मामा थांबले. "ते... ते केलं त्याने करून. गपचूप."

"मग तो पळाला कुठे? थोडा थांबला एवढंच."

मामांनी चहा अर्धा टाकला आणि निघून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण मी त्यांची बाजू घेतली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. जळितांच्या वॉर्डात ही म्हण बरी दिसत नाही, पण मामांना ती लागू होती.

घरी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. जेवताना बायकोला म्हणाले, "आजकालची पोरं मला झालंच म्हणू नका म्हणतात." मामी एका कानाने अधू, तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं. त्यांच्या मोरीतला नळ तीन महिने गळत होता आणि मामी रोज आठवण करून द्यायची. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. तुम्ही झालंच म्हणालात की मी नळाखाली बादली लावते." मामा सांगताना हसत होते, पण त्यांना ते चांगलंच लागलं होतं.

शनिवारी सकाळी मामा बाईच्या खाटेशी आले तेव्हा ट्रेशिवाय आले. तिने सवयीने पाय पोटाशी घेतले. मामांनी स्टूल ओढलं, बसले, चष्मा पुसला.

"ताई, आज भिंतीकडे बघायचं नाही. इकडे बघायचं. आधी वरची गुंडाळी कापतो, त्याने दुखत नाही. मग आत किती पट्ट्या आहेत ते हात न लावता मोजतो आणि तुम्हाला सांगतो. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार."

"आणि मी सारखंच थांबा म्हटलं तर?"

"तर सारखाच थांबणार. माझी ड्युटी दोनपर्यंत आहे."

ती हसली नाही, पण पाय सरळ केले. मी इंजेक्शन दिलं. मुंगीबिंगी काही म्हटलं नाही.

मामांनी गुंडाळी कापली, कोमट सलाइन ओतलं, हाताखाली रबराचं कापड सरकवलं आणि चिमट्याचं टोक हवेतच एकेका पट्टीवर धरत मोजलं. "चौदा. पंजावर पाच, मनगटाशी तीन, वर सहा. मनगटाच्या सोप्या आहेत. कोपराजवळच्या दोन त्रास देतील." रिकामी तसराळी तिच्या डाव्या बाजूला, तिला दिसेल अशी ठेवली. "यात टाकतो. तुम्ही मोजा."

तिने मोजलं. मोठ्याने. एक. दोन. चौथ्याला "थांबा" म्हणाली, मामा थांबले. सातव्यालाही थांबले. नवव्यानंतर तिने पाणी मागितलं आणि मी पाजलं. तेराव्याला जी ओरडली ती व्हरांड्यात ऐकू गेली असेल. मामांच्या मानेवरून घाम वाहत होता आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. बोलायचं नाही म्हणजे काय करायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. चौदावी तसराळीत पडली. बाईने डोळे मिटून लांब श्वास सोडला आणि मीही सोडला.

हात धुण्यासाठी मामांनी कोपर थोडं उचललं. आणि तिथेच थबकले. कोपराच्या आतल्या घडीत आणखी एक पट्टी होती. पाचव्या दिवशी बाईने हात ओढून घेतला तेव्हा राहिलेली, वरून नव्या पट्ट्या बसल्या म्हणून झाकली गेलेली. चार-पाच दिवसांत सुकून कातडीत रुतली होती.

मी मामांचा चेहरा बघत होते. बाईचे डोळे मिटलेले. एक झटका, तोंडाने तो नेहमीचा शब्द, आणि काम संपलं असतं. तीस वर्षांचा हात होता तो, त्याला दोन सेकंद लागले असते. जित्याची खोड. मामांचं तोंड उघडलंसुद्धा. मी खरंच सांगते, मला वाटत होतं की त्यांनी ओढावी. संपू दे एकदाचं, असं वाटत होतं.

मामांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "ताई, डोळे उघडा. एक राहिलीय. मी चौदा म्हणालो, पंधरा आहेत. मोजण्यात माझी चूक झाली."

बाईने डोळे उघडले. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, झालं, आता ही हात ओढणार आणि सोमवार गेला.

"मोठी आहे?"

"बोटाएवढी. पण घडीत आहे आणि सुकलीय. आजच्या सगळ्यांत हीच जास्त दुखेल."

एवढं कशाला सांगायचं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"थांबा," बाई म्हणाली.

मामांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला, हात मांडीवर घेतले आणि थांबले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मधूनमधून पट्टीवर कोमट सलाइनचे थेंब सोडत होते, तेही विचारून. तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले.

"काय चाललंय?"

"थांबलोय," मामा म्हणाले.

"कशासाठी?"

"ताईंनी सांगितलंय म्हणून."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या माणसासमोर बावीस वर्षांत कधी वर तोंड करून बोलले नव्हते. म्हटलं, "सर, तोवर तुम्ही पलीकडच्या खाटा बघून घ्या. इथलं झालं की मी बोलावते." ते गेले. कसे गेले ते मला अजून कळलेलं नाही.

मग बाई म्हणाली, "मी काढू का? माझ्या हाताने?"

मामांनी एक क्षण विचार केला. तिच्या डाव्या हाताला हातमोजा चढवला, दुसरा चिमटा दिला, कुठलं टोक धरायचं आणि कुठल्या दिशेने सोडवायचं ते दाखवलं. स्वतः फक्त थेंब सोडत राहिले. बोटाएवढी पट्टी, पण तिला दहा-बारा मिनिटं लागली. ती रडली, तिने लॉन्ड्रीच्या मालकाला शिव्या दिल्या, रोलरला दिल्या, मामांना दिल्या. मामा एक अक्षर बोलले नाहीत. पट्टी सुटली तेव्हा तिने ती स्वतःच तसराळीत टाकली आणि "पंधरा" म्हणाली, इतक्या रागाने, की मला हसू आलं आणि मग माझेच डोळे भरले.

डॉक्टरांनी जखम बघितली. नाव यादीत राहिलं. सोमवारी ऑपरेशन झालं, कातडी धरली. कोपर तिचं पूर्ण सरळ होत नाही, पण बोटं मिटतात आणि रोलरवर ती परत उभी राहिली. तिसऱ्या महिन्यात तपासायला आली तेव्हा मुलीला घेऊन आली होती. मामांकडे बोट दाखवून पोरीला म्हणाली, "हे ते मामा."

पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं, रविवारचं.

तेव्हा आमच्याकडे खिडकीजवळच्या खाटेवर एक माळीबुवा होते. सत्तरीचे. बागेतला पालापाचोळा जाळताना सदऱ्याने पेट घेतला आणि पाठ भाजली. दोन महिने पालथे पडून होते. त्यांचं ड्रेसिंग म्हणजे आम्हाला विश्रांती वाटायची, इतका शांत माणूस. कण्हणंसुद्धा उशीत. मामा त्यांच्या पाठीवर काम करताना झालंच झालंच म्हणायचे आणि बुवा म्हणायचे, "चालू द्या."

रविवारी मामा त्यांच्याकडे गेले, बसले, गुंडाळी कापली. मी ट्रे धरून उभी होते. मामांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "बुवा, तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, किती राहिलं म्हणून."

"विचारून काय करायचं?" बुवा उशीतून म्हणाले. "तुम्ही झालंच म्हणणार. तुम्हाला म्हणायला बरं वाटतं, तर म्हणू द्यावं. तुमचंही काम काही सोपं नाही."

मामा खाली वाकले. चिमटा हवेत धरून मोजलं. "आज नऊ आहेत, बुवा."

"नऊ?"

"नऊ."

"रोज एवढ्याच असतात?"

"सुरुवातीला चौदा-पंधरा होत्या. हल्ली नऊ-दहाच."

बुवांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पालथ्या माणसाला जमेल तेवढी. आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "मी रोज चाळीस धरून चालायचो," म्हणाले.

मामांनी चिमटा माझ्या ट्रेमध्ये ठेवला. मी ट्रे खाली ठेवला आणि खाटेभोवतीचा पडदा ओढला. बुवांना तसंही काही दिसत नव्हतं, पण समोरच्या खाटांवरून दिसलं असतं. मामा माझ्या शेजारी उभे राहून रडत होते, आवाज न करता, अगदी बुवांसारखे. मी पट्ट्यांवर सलाइन सोडायला सुरुवात केली. "बुवा," मी म्हटलं, "आज मोजायचं काम तुमच्याकडे."